आधी यादी, मग पॅनेल

महाळुंगे असो, निघोजे असो नाहीतर कुरुळी, निवडणुकीचं वारं सुटलं की पारावर पहिल्यांदा पॅनेलची नावं निघतात. कुणाची भावकी किती, कोण कुणाच्या गाडीतून उतरला, सगळं तोंडपाठ. मतदार यादी मात्र कुणी उघडत नाही. मग मतदानाच्या सकाळी केंद्रावर कळतं की पोराचं नाव नाही, आणि देवाघरी गेलेल्या आजीचं आहे.

शेतकरी बंधूंनो, ग्रामपंचायतीसाठी वेगळी नावनोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग ठरवील त्या तारखेची विधानसभेची यादी घेतात आणि ती प्रभागवार फोडतात. तिच्यावर हरकती मागवतात हे खरं. पण नाव चुकीच्या प्रभागात गेलं, लिहिताना चूक झाली किंवा विधानसभेच्या यादीत असून इकडं सुटलं, एवढंच तिथं दुरुस्त होतं. मूळ यादीतच नाव नसेल तर ग्रामसेवकाशी (आता ते ग्रामपंचायत अधिकारी) भांडून उपयोग नाही. त्यांच्या हातात ते नसतंच.

म्हणून काम निवडणूक लागण्याआधीचं. नवं नाव घालायला नमुना ६, कमी करायला ७, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला ८. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण लागत. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरतात. पोरगं बारावीत आहे म्हणून थांबू नका.

आपल्या पट्ट्यात खरा गुंता वेगळाच आहे. कारखाने आले, खळ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या. त्या खोलीत राहणारा कामगार बीडचा असो की बिहारचा, तो इथं नेहमीचा राहत असेल तर त्याला इथं नाव नोंदवता येतं. गावाकडचं नाव मात्र ठेवता येत नाही. ‘भाडेकरूंची मतं कशाला’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण हाच नियम आपल्यालाही आहे, हे सोयीस्कर विसरलं जातं. थोरला भाऊ मोशीत बंगला बांधून कायमचा राहायला गेला. मोशी १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. गावात घर आहे एवढ्यावर तो गावचा मतदार ठरत नाही. दोन्हीकडं नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि अर्जात खोटं लिहिलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२५ च्या अखेरीस नगरपालिकांच्या निवडणुकीत संशयित दुबार नावांपुढं दोन तारे छापले होते. चाकण नगरपरिषदेचं मतदान त्याच फेरीत, २ डिसेंबरला झालं.

आणखी एक. सदस्यसंख्या सातपासून सतरापर्यंत असते. आतापर्यंत ती आणि प्रभाग २०११ च्या जनगणनेवर बेतलेले आहेत. नंतर गाव कितीही फुगलं तरी कागदावर ते जुनंच. त्यामुळं खोल्यांची वस्ती ज्या प्रभागात, तिथं यादी लांबलचक आणि सदस्य तेवढेच. प्रारूप प्रभाग रचना चावडीवर लागते तेव्हा नकाशा बघा. ओढा कुठं, रस्ता कुठं, आपली वाडी कुठल्या बाजूला टाकली, हे बघून मुदतीत लेखी हरकत द्या. पारावरची कुरकुर तहसीलदारापर्यंत पोचत नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांनी एवढं तरी करावं. मृत्यूची नोंदवही पंचायतीतच असते. ती आणि यादी शेजारी ठेवून एक दुपार घालवा, बीएलओंना बोलवा, वारसांकडून नमुना ७ भरून घ्या. ग्रामसभेत यादी मोठ्यानं वाचा. कंटाळवाणं काम आहे, चहा दोनदा लागेल. पण कोण मेलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण नवं आलं, हे गावाइतकं राजगुरुनगरच्या कचेरीला कसं ठाऊक असणार?

राखीव जागेवर उभं राहायचं असेल त्यांनी जातीचा दाखला आजच काढावा आणि पडताळणी समितीकडं अर्ज टाकून पोच जपून ठेवावी. उमेदवारी अर्जाच्या वेळी तीच पोच मागतात.