टकळीवरचं गणित

- 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, अध्यक्ष गांधीजी. डॉ. झाकीर हुसेन समितीने आराखडा केला: सात वर्षं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उद्योगाभोवती.

- त्यात विज्ञान कुठे? उद्योग सूतकताईचा असेल, तर टकळीतच. एक पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्याचा नंबर. लांबी मोजा, वजन करा, भागाकार करा. धागा तुटला, तर पीळ कमी पडला की कापूसच आखूड धाग्याचा, हे शोधा. प्रयोगशाळा नाही म्हणून कुणाचं अडत नाही!

- मुलींच्या बाबतीत मात्र आराखडा कचरला. सहावी-सातवीत त्यांना मूळ उद्योगाऐवजी गृहविज्ञान घेण्याची मुभा दिली गेली. सवलत म्हणून दिलेली ही वाट मुलींना पुन्हा चुलीकडेच नेणारी होती.

- उद्योगाभोवतीच्या याच शिक्षणाची, म्हणजे ‘नई तालीम’ची, सेवाग्रामची बंद पडलेली शाळा 2005 मध्ये ‘आनंद निकेतन’ नावाने पुन्हा सुरू झाली. माध्यम मराठी. शेती, सूतकताई आणि स्वयंपाक इथे मुलगे-मुली दोघांनाही आहेत.