खटका कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, आमच्या घरात स्पीकरची जोडी एक आणि ऐकणारी माणसे चार. २०२० साली शाळा बंद झाल्या, मुलांचे वर्ग घरात कॉम्प्युटरवर भरू लागले, तेव्हा ही जोडी आमच्याकडे आली. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. त्यामुळे सकाळी चिरंजीवांचा वर्ग आणि दुपारी माझा, असा त्या स्पीकरना चांगलाच राबता होता. पुढे शाळा सुरू झाल्या, पण कॉम्प्युटर आणि स्पीकर बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यात ठाण मांडून बसले ते बसलेच.

दुसरीकडे आमच्या सासूबाईंचा रेडिओ. आईंचे माहेर तासगावचे. १९६३ साली सांगलीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. शेजारच्या वाड्यात रेडिओ होता आणि सारी आळी त्याच्यासमोर येऊन बसायची, ही हकिकत आम्ही कितीदा तरी ऐकली आहे. आज त्यांनी सत्तरी ओलांडली, पण देवपूजा आटोपल्यावर भक्तिगीते आणि प्रादेशिक बातम्या ऐकल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

मात्र अलीकडे त्या रेडिओला कान लावून बसू लागल्या होत्या. “आवाज येतो गं, पण शब्द कळत नाही,” असे म्हणायच्या. तेव्हा एका रविवारी ह्यांनी कॉम्प्युटरच्या स्पीकरची पिन काढून रेडिओला लावून दिली. अभंग सुरू झाला आणि आईंचा चेहरा खुलला. “अगंबाई, मागचा तंबोरा ऐकू येतोय!” मिरजेपासून हाकेच्या अंतरावर वाढलेले कान ते! मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची बातमी त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली होती. तळहाताएवढ्या रेडिओतल्या लहानशा स्पीकरला तंबोऱ्याचा खर्ज पेलत नाही. मोठ्या स्पीकरला तो पेलला.

झाले! त्या दिवसापासून स्पीकर एक आणि धनी दोन अशी गत झाली. रेडिओ लावायचा तर टेबलाखाली वाकून, भिंतीकडे हात घालून एक पिन काढायची आणि दुसरी घालायची. आईंचे गुडघे वाकत नाहीत. म्हणजे प्रत्येक वेळी नातवाची मनधरणी. “अरे, जरा लावून देतोस का?” “थांब ना आजी, पाचच मिनिटं!” ती पाच मिनिटे कशी असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एके दिवशी माझ्या ध्यानात आले, की रेडिओवरचे विणलेले झाकण आठ दिवस उचललेलेच नाही. मला वाटले, आईंना आता गोडी उरली नसेल. तेवढ्यात तासगावहून त्यांच्या बालमैत्रिणीचा फोन आला. तिच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम रेडिओवर लागून गेला होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आई म्हणाल्या, “ऐकला तर! छान झाला हो. तुझा आवाज लगेच ओळखला मी.”

त्यांनी ऐकला नव्हता. त्या वेळी स्पीकरवर चिरंजीवांचा क्रिकेटचा सामना चालू होता आणि आई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. फोन ठेवल्यावर मी विचारले, “आई, सांगितलं का नाहीत?” तर म्हणाल्या, “असू दे गं. सारखं सारखं काय मागायचं?”

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला पोळी गोड लागली नाही. आपण घरात कुणाला काही ‘नाही’ म्हणत नाही; पण मागावे लागेल अशी मांडामांड मात्र करून ठेवतो. आणि म्हातारी माणसे भांडत नाहीत, ती मागणेच सोडून देतात.

एका म्यानात दोन तलवारी

संध्याकाळी ह्यांना सांगितले. त्यांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून एक स्वस्तातली दुतोंडी वायर आणली. एका तोंडाला रेडिओ, दुसऱ्याला कॉम्प्युटर आणि शेपटी स्पीकरला. “आता पिन काढायलाच नको,” म्हणाले. पण रेडिओ लावला तर आवाज निम्म्यावर आलेला. कॉम्प्युटर लावला तर तोही घसा बसल्यासारखा. दोन्ही एकदम चालू राहिले, तर अभंगात क्रिकेट!

असे का व्हावे? रेडिओचे काय किंवा कॉम्प्युटरचे काय, इअरफोनचे सॉकेट आवाज बाहेर देण्यासाठी असते, आत घेण्यासाठी नसते. समजा, घराच्या गच्चीवर एक टाकी आहे आणि पहिल्या मजल्यावर दुसरी. दोन्हींचे नळ मध्ये कॉक न बसवता एकत्र जोडले आणि खाली एकच तोटी ठेवली, तर वरच्या टाकीचे पाणी तुमच्या बादलीत येण्याऐवजी खालच्या टाकीत शिरेल. आमच्या साताऱ्याला कासचे पाणी येते तसे शहापूरचेही येते. दोन ठिकाणचे पाणी म्हटले, की मध्ये कॉक हवाच, हे नळाच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. विजेचेही तसेच. एकाचा आवाज स्पीकरकडे जाण्याऐवजी दुसऱ्याच्या पोटात शिरतो, आवाज पडतो, फाटतो आणि एखादे उपकरण बिघडण्याचाही संभव असतो.

एका मोबाइलवरून दोघींनी दोन इअरफोन लावून ऐकायचे असेल, तर हीच दुतोंडी वायर बिनधोक चालते. तिथे देणारा एक असतो आणि घेणारे दोन. देणारे दोन असले, की मात्र खटका हवा.

साबणाच्या डबीएवढा उपाय

हा खटका तयार मिळतो. दुकानात ‘ऑडिओ सिलेक्टर’ म्हणून मागावा. साबणाच्या डबीएवढी पेटी, तिला दोन वायरी आत येण्याची सॉकेटे, एक बाहेर जाण्याचे आणि वर एक बटण. बटण इकडे केले की रेडिओ, तिकडे केले की कॉम्प्युटर. साध्या पेटीला वीज लागत नाही, सेलही लागत नाहीत. मला ती तीनशे रुपयांच्या आत मिळाली. गावात नसेल तर पुण्याला जाणाऱ्या कुणाला सांगा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असल्या वस्तूंची दुकाने ओळीने आहेत.

पण पैसे खर्च करण्यापूर्वी आपल्या स्पीकरची पाठ एकदा वळवून पाहा. पुष्कळ स्पीकरना दोन जागा आधीच दिलेल्या असतात: एक साडेतीन मिलिमीटरची पिन घ्यायला आणि दुसरी लाल-पांढऱ्या सॉकेटांची. बटणाने किंवा रिमोटने हवी ती निवडता येते. आमच्या शेजारणीकडे दोन वर्षे हे बटण होते आणि तिने ते फक्त पुसले!

कॉम्प्युटरच्या मागे रंगीत सॉकेटे असतील, तर हिरवे स्पीकरसाठी, निळे बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी आणि गुलाबी मायक्रोफोनसाठी असते, एवढे लक्षात ठेवावे. रेडिओची वायर निळ्यात लावून कॉम्प्युटरमार्फत ऐकता येतो. पण मग आजींच्या अभंगासाठी पहाटे कॉम्प्युटर चालू करावा लागणार. आम्हाला ते परवडण्यासारखे नव्हते. गुलाबीत मात्र रेडिओ चुकूनही लावू नका. ते सॉकेट अगदी क्षीण आवाजासाठी असते. रेडिओचा आवाज त्यात फाटतो.

दूरचित्रवाणी जोडायची असेल, तर तिला इअरफोनचे सॉकेट आहे का ते पाहावे. काही संचांना फक्त प्रकाशावर चालणाऱ्या, म्हणजे ‘ऑप्टिकल’ वायरीची जागा असते. त्यासाठी वेगळी रूपांतराची पेटी लागते. पुष्कळ नव्या मोबाइलना तर पिनेची जागाच नसते. तेव्हा खरेदीला जाताना सॉकेटांचे फोटो काढून न्यावेत, म्हणजे दुकानदार भलतेच गळ्यात मारणार नाही.

जोडताना या गोष्टी सांभाळा

वायरीचे माप टेपने भिंतीच्या कडेकडेने घ्यावे आणि हातभर जास्त धरावे. सरळ रेषेत मोजलेली वायर हमखास अपुरी पडते. रेडिओ कॉम्प्युटरला आणि चार्जरला खेटून ठेवू नये. त्यांच्यामुळे रेडिओत, विशेषतः मिडियम वेव्हवर, खरखर येते. आम्ही रेडिओ खिडकीत ठेवला आणि वायर लांब घेतली.

पिन लावल्यावर एकाच बाजूचा स्पीकर वाजू लागला, तर घाबरू नका. काही रेडिओंचे सॉकेट एकेरी आवाजाचे असते. त्यासाठी ‘मोनो ते स्टिरिओ’ असा छोटा जोड मिळतो. जोडणी करताना स्पीकरचा आवाज शून्यावर आणावा, नाहीतर ‘फट्’ असा आवाज होतो. सतत घुंऽऽ असा गुंजारव येत असेल, तर सगळ्या वस्तूंची वीज एकाच बोर्डावरून घेऊन पाहावी. बरेचदा तो थांबतो. पण त्यासाठी अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कुणी दिला, तर मुळीच ऐकू नका. ती जिवाच्या रक्षणासाठी असते.

रेडिओचा आवाज एकदा मध्यम ठेवून कमीजास्त नेहमी स्पीकरवरूनच करावे, म्हणजे खटका फिरवताच कुणी दचकत नाही. मी रेडिओच्या चकतीवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला आहे. पेटीवर रेडिओच्या बाजूला एक खड्याची टिकली चिकटवली. चष्मा नसला तरी आईंच्या बोटाला ती लागते. आणि खटका कॉम्प्युटरकडे फिरवला म्हणजे रेडिओ बंद झाला असे नव्हे हं! तो मुकाट्याने सेल खात बसतो. त्याचे बटण आठवणीने बंद करावे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. वयाबरोबर ऐकू कमी येते ते आधी उंच पट्टीचे ध्वनी. स, श, फ अशी अक्षरे पुसट होतात. म्हणून तर ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’. नुसता आवाज वाढवून फारसा उपयोग होत नाही. चांगला स्पीकर जवळ ठेवला, तर मदत होते. पण स्पीकर म्हणजे औषध नव्हे. आईंना आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेऊन श्रवणाची तपासणी करून घेतली. तुमच्याकडेही कुणी असे म्हणत असेल, तर टाळू नका.

ही पिन आली कुठून?

या साडेतीन मिलिमीटरच्या पिनेचे मूळ जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. तिथे पाव इंच जाडीची तिची थोरली बहीण असे. ऑपरेटर ती एका सॉकेटातून काढून दुसऱ्यात घालायची आणि माणसाला माणूस जोडून द्यायची. सुरुवातीला या कामावर पोरगे होते. ते गिऱ्हाइकांशी उर्मटपणे बोलत. म्हणून १ सप्टेंबर १८७८ रोजी अमेरिकेत बोस्टनला एमा नट या बाईंना नेमले. त्या जगातल्या पहिल्या महिला टेलिफोन ऑपरेटर मानल्या जातात. पुढे आपल्याकडेही ट्रंक कॉल लावून देणाऱ्या कितीतरी बायकांनी हीच पिन हाताळली. कुणाचे बोलणे कुणाला ऐकू जावे, हे त्यांच्या हाती होते. मग आपल्याच घरातल्या पिनेला आपण का बिचकावे?

जोडणी करायला मला एक दुपार लागली. पेटी कुठे ठेवायची यावर मात्र घरात चर्चा झाली. चिरंजीवांचे म्हणणे, कॉम्प्युटरशेजारी. मी ती आईंच्या खुर्चीच्या हाताशी ठेवली. टेबलामागे लपवली असती, तर खटका येऊनही मागणे चालूच राहिले असते.

पहिले दोन दिवस आई बटणाला हातच लावीनात. “बिघडलं म्हणजे?” म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर बैठकीच्या खोलीतून अभंग ऐकू येत होता. आईंनी मला हाक मारली नव्हती, नातवाला उठवले नव्हते.

गेल्या आठवड्यात त्या मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. आई या वेळी खरे बोलल्या. “त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं गं. पुढच्या वेळी आधी सांग.” आणि परवा चिरंजीव खुर्चीपाशी येऊन उभे. “आजी, पाच मिनिटं देतेस का? सामना संपत आलाय.”

आजींनी डोळे मिटूनच सांगितले, “थांब रे, एवढा अभंग होऊ दे.”