पत्रांचा पूर आणि नावाची पत

नवउद्योजकाची पहिली अडचण भांडवलाची असते, असा सर्वसाधारण समज आहे. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात मात्र खरी अडचण पहिल्या गिऱ्हाइकाची असते. वस्तू तयार असते, ती घेणारा कोण हे ठाऊक नसते. पूर्वी अशा वेळी फिरता विक्रेता बॅग घेऊन गावोगाव जाई. आज ते काम संगणकाकडे आले आहे. कंपन्यांमधील अधिकाऱ्यांच्या पत्त्यांची यादी विकत मिळते. प्रत्येकाचे नाव आणि हुद्दा घालून ई-मेल आपोआप रवाना होते. उत्तर न आल्यास चार दिवसांनी स्मरणपत्र, पुढे आणखी एक. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता प्रत्येक पत्राचा मजकूरही वेगळा करता येतो.

ही कल्पना मात्र जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीतील गॅरी थुर्क यांनी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी धाडले. तक्रारींचा भडिमार झाला आणि त्यांना समज देण्यात आली. तरीही त्यातून संगणक विकले गेल्याचे थुर्क पुढे सांगत. या व्यवसायाचे सारे द्वंद्व त्या एका प्रसंगात आहे. लाभ पाठवणाऱ्याच्या खात्यात जमा होतो आणि खर्च घेणाऱ्याच्या वेळेवर पडतो.

हा हिशेब अलीकडे थोडा बदलला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास वा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही तपासण्यांची व्यवस्था करावी लागते. धनादेशावरील सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहावी, तसाच हा प्रकार आहे. जाहिरातीच्या पत्रात एका कळीसरशी नाव वगळण्याची सोय द्यावी लागते. सर्वांत बोचरा नियम तक्रारींचा आहे. स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नये, असे गुगल सांगते. पोहोचलेल्या १०,००० पत्रांमागे ३० माणसे वैतागली, की ही मर्यादा गाठली जाते. फार मोठा आकडा नव्हे हा!

बँकव्यवहारात जिला पत म्हणतात, तीच येथे कंपनीच्या इंटरनेटवरील नावाला, म्हणजे डोमेनला लागू झाली आहे. ही पत हळूहळू वाढते आणि झटक्यात घसरते. घसरली, की जाहिरातीची पत्रेच स्पॅमच्या कप्प्यात जातात असे नाही. त्याच नावाने पाठवलेली बिले, दरपत्रके, जुन्या गिऱ्हाइकाला दिलेली उत्तरेही तेथेच जाऊन पडू शकतात. माल दिला, बिल पोहोचलेच नाही, आणि वसुली अडली. म्हणून जाणकार संस्थापक अशा पत्रांसाठी वेगळे डोमेन घेतात आणि सुरुवातीला रोज थोडीच पत्रे पाठवतात. तरीही यादीच चुकीची असेल तर वेगळे डोमेन केवळ नुकसान पुढे ढकलते.

मग प्रारंभीचे गिऱ्हाईक मिळावे कोठून? याचे उत्तर संस्थापकांच्या परस्परांतील चर्चेत अनेकदा सापडते. चेन्नईचे गिरीश मातृभूतम हे त्याचे उत्तम उदाहरण. ग्राहकसेवेच्या एका प्रस्थापित सॉफ्टवेअरने दर वाढवल्याने वापरणारे नाराज झाले होते. उद्योजकांच्या चर्चेतील त्यासंबंधीचे एक मत त्यांच्या वाचनात आले आणि त्यातून २०१० मध्ये फ्रेशडेस्कचा जन्म झाला. पुढे फ्रेशवर्क्स या नावाने ती कंपनी सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. येथे बाजाराची नाडी यंत्राने शोधली नव्हती. दुसऱ्याची तक्रार कान देऊन ऐकणारा माणूस तेथे होता. सासबूमीसारख्या मंचांवर भारतातील सॉफ्टवेअर संस्थापक आज एकमेकांना दर कसे ठरवावेत, पहिला विक्रेता केव्हा नेमावा, हे अनुभवातून सांगतात. अर्थात, अशा मंडळींत केवळ आपला माल खपवण्यासाठी शिरणारा लगेच ओळखू येतो.

देयकांच्या क्षेत्रातील स्ट्राइपचे कॉलिसन बंधू आरंभीच्या काळात तयारी दाखवणाऱ्याला नुसता दुवा पाठवून थांबत नसत. त्याचा लॅपटॉप मागून घेऊन तेथेच प्रणाली बसवून देत. पॉल ग्रॅहम यांनी २०१३ च्या आपल्या निबंधात हे नमूद केले आहे. या रीतीने लाख गिऱ्हाइके होणार नाहीत, हे उघड आहे. पण कोणाला माल हवा आहे आणि तो कोणत्या शब्दांत मागतो, हे पहिल्या वीस-पंचवीस माणसांकडूनच कळते. ते कळल्यावर यंत्राला काम द्यावे. त्याआधी दिले तर आपले अज्ञानच ते दहा हजार ठिकाणी पोहोचवते.

मुलाच्या वा सुनेच्या नव्या कंपनीत घरची ठेव गुंतवणाऱ्यांनी किती पत्रे गेली, हे विचारण्याऐवजी किती जणांनी स्वतः होऊन उत्तर दिले आणि त्यांतील किती जणांनी पैसे मोजले, हे विचारावे. यादी कोठून आणली, हेही विचारावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या संमतीला महत्त्व दिले आहे, आणि विकत घेतलेल्या यादीतील किती जणांनी ती दिली होती, हे विकणारा सहसा सांगत नाही.