आघातोत्तर ताणविकृती : उपचारपद्धती

युद्ध, भूकंप, अपघात, बलात्कार यांसारख्या भीषण प्रसंगानंतर उद्‌भवणाऱ्या मनोविकृतीवरील उपचार. नकोशी आठवण वारंवार उफाळणे, दुःस्वप्ने, प्रसंगाशी निगडित गोष्टी टाळणे व सतत दचकणे ही तिची प्रमुख लक्षणे होत. पहिल्या महायुद्धात अशा सैनिकांना ‘शेल शॉक’ झाला असे म्हणत व पुष्कळदा त्यांना भित्रे ठरवीत. अमेरिकन मनोविकारतज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये या विकृतीस स्वतंत्र स्थान दिले.

बहुतेक आघातग्रस्त व्यक्ती आप्तेष्टांच्या आधाराने कालांतराने सावरतात. म्हणून प्रारंभी सुरक्षितता व धीर देणे इष्ट होय. घडलेले सारे लगेच वदवून घेणे लाभदायक ठरत नाही. लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्यास तज्ञाचा सल्ला घ्यावा. एडना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण उपचारकासमोर ती आठवण पुनःपुन्हा सांगतो आणि टाळलेल्या, परंतु निर्धोक स्थळी क्रमाक्रमाने जातो. त्यामुळे भीती ओसरते. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत साधारणपणे १२ बैठकांत ‘दोष माझाच’ यांसारख्या समजुती तपासून पाहतात. फ्रॅन्सिन शपिरो यांच्या पद्धतीत आठवण मनात धरून डोळ्यांच्या विशिष्ट हालचाली करवितात. ती गुणकारी आढळली असली, तरी त्या हालचालींचे महत्त्व विवाद्य आहे. सर्ट्रॅलीन, पॅरॉक्सेटीन इ. औषधेही उपयुक्त ठरतात. पद्धतीची निवड रुग्णाच्या संमतीने करतात. आठवण पुसून टाकणे हे या उपचारांचे उद्दिष्ट नव्हे. ती असूनही रुग्णास निर्भयपणे जगता यावे, हे होय.