पिट्युटरीतून पडद्यापर्यंत

डोळ्यात बधिर करणारे थेंब घालतात. पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात, पोव्हिडोन आयोडीनने डोळा धुतात, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर अंतरावर अतिशय बारीक सुई आत जाते. औषध जाते ते एका मिलिलिटरचा जेमतेम विसावा भाग. मधुमेहाने पडद्याला सूज आलेल्या किंवा म्हातारपणी पडद्याचा मध्यभाग बिघडलेल्या लाखो लोकांची नजर आज या थेंबावर टिकून आहे. त्याची सुरुवात मात्र डोळ्यात झाली नाही, गायीच्या पिट्युटरी ग्रंथीत झाली.

नेपोलिओने फेरारा यांचा जन्म १९५६ साली सिसिली बेटावरच्या कटानिया शहरातला. १९८१ मध्ये तिथेच ते डॉक्टर झाले आणि पुढे संशोधनासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेले. पिट्युटरीतल्या काही पेशी कुठलेच ओळखीचे संप्रेरक तयार करत नव्हत्या. मग त्या तिथे असतात कशासाठी, हा फेरारांचा प्रश्न. या पेशी ज्या द्रवात वाढवल्या, तोच द्रव रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना दिला तर त्या भराभर वाढू लागतात, हे त्यांनी पाहिले. १९८८ मध्ये ते जेनेन्टेक कंपनीत गेले. नेमणूक रिलॅक्सिन नावाच्या दुसऱ्याच संप्रेरकाच्या कामासाठी होती, पण थोडा वेळ स्वतःच्या प्रश्नाला देण्याची तिथे मुभा होती. त्या वेळात, १९८९ साली, द्रवातले प्रथिन शुद्ध झाले आणि त्याचे जनुकही हाती आले. तेच व्हीईजीएफ. हॅरॉल्ड ड्व्होराक यांना १९८३ मध्ये गाठींतून स्रवणारे, रक्तवाहिन्यांना गळती लावणारे एक प्रथिन सापडले होते. दोन्ही एकच निघाली.

नवे फुटवे आणि गळती: पडद्याचे नेमके हेच दोन आजार. प्राणवायू कमी पडला की पडदाच एखादा पदार्थ सोडून नव्या वाहिन्या ओढून घेत असावा, असा तर्क नेत्रतज्ज्ञ आयझॅक मायकलसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता. तो पदार्थ चार दशके कुणाच्या हाती लागला नाही. १९९४ मध्ये १६४ रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवाचे २१० नमुने तपासले गेले. फेरारा त्या शोधनिबंधाचे एक लेखक होते. ज्यांच्या डोळ्यांत नव्या वाहिन्या जोरात फुटत होत्या, त्यांच्यात व्हीईजीएफ वारंवार सापडले; ज्यांना तसा आजार नव्हता, त्यांच्यात क्वचितच.

त्याआधीच, १९९३ मध्ये, या प्रथिनाला अडवणाऱ्या प्रतिपिंडाने उंदरांतल्या गाठींची वाढ रोखल्याचे फेरारांनी दाखवले होते. त्यातून बेव्हासिझुमॅब तयार झाले आणि २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. डोळ्यासाठी त्याच प्रतिपिंडाचा छोटा तुकडा घेऊन रॅनिबिझुमॅब बनवले, कारण पूर्ण रेणू पडद्याच्या थरांतून पार जाणार नाही असे वाटत होते. ७१६ रुग्णांवरच्या चाचणीत वर्षभराने, औषध मिळालेल्या शंभरातल्या सुमारे ९५ जणांची नजर टिकली. जास्त मात्रा मिळालेल्यांपैकी एक तृतीयांश लोक तक्त्यावरची पंधरा किंवा अधिक अक्षरे जास्त वाचू लागले. तोवर नजर जाण्याचा वेग कमी झाला तरी डॉक्टर समाधान मानत. २००६ मध्ये या औषधाला मंजुरी मिळाली.

किंमत होती एका मात्रेला सुमारे दोन हजार डॉलर, आणि इंजेक्शन महिन्या-महिन्याला.

इथे मायामीच्या बॅस्कम पामर संस्थेतले फिलिप रोझेनफेल्ड महत्त्वाचे ठरतात. २००५ मध्येच त्यांनी कर्करोगाच्या बेव्हासिझुमॅबची लहानशी मात्रा थेट डोळ्यात देऊन पाहिली. सूज उतरली. मोठ्या कुपीतून अशा अनेक मात्रा निघत, म्हणून एका मात्रेचा खर्च पन्नास डॉलरच्या आसपास आला. जगभरच्या डॉक्टरांनी ही वाट धरली. दोन औषधांची समोरासमोर तुलना करायला जेनेन्टेक पुढे आली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने सरकारी पैशातून बाराशेहून अधिक रुग्णांवर ती केली. २०११ चा निकाल: नजरेच्या बाबतीत दोन्ही सारखीच. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हासिझुमॅबला डोळ्यांसाठीच्या अत्यावश्यक औषधांत घेतले.

फेरारांना २०१० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. पण माझ्या मते ही कहाणी रोझेनफेल्ड आणि त्या सरकारी चाचणीशिवाय अपुरी राहते. औषध सापडणे एक, ते गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोचणे दुसरे. आपल्याकडे हे अंतर आणखी मोठे होते. २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती आल्यावर ते थोडे कमी झाले. बेव्हासिझुमॅबच्या कुपीतून मात्रा वेगळ्या काढताना निर्जंतुकीकरणात हयगय झाली तर डोळाच जाऊ शकतो, हेही रुग्णालयांनी विसरता कामा नये.

आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीनुसार देशात मधुमेही दहा कोटींहून अधिक आहेत. पडदा बिघडायला लागतो तेव्हा दुखत नाही, दिसतेही बहुधा नीटच. रुग्ण येतो तो नजर गेल्यावर. म्हणून घरात कुणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नका. साठी उलटलेल्यांनी अधूनमधून एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहावे. सरळ रेघ वाकडी दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.