पहिलं पिस्तूल : आवड शेवटी, परवाना आधी

‘पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं, कोल्ट 1911 की वाल्थर?’ अमेरिकेतल्या हौशी माणसाला हा प्रश्न सगळ्यात आधी पडतो. वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या जामला राहणाऱ्या माणसासाठी तो सगळ्यात शेवटचा आहे. आधी कायदा, मग काडतूस, मग बाजारात काय मिळतं ते. आवडीनिवडीला उरते ती जागा बोटभर. सिनेमा आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी हा क्रम उलटा केला आहे.

‘परवाना मिळाला की हवं ते पिस्तूल घेता येतं’ हा त्यातला सर्वात महागात पडणारा गैरसमज. जॉन ब्राउनिंगनं घडवलेलं 1911 मूळ .45 च्या काडतुसाचं आहे. शस्त्र नियम, 2016 च्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे लष्करी 9 मिमी किंवा .45 चं काडतूस ज्यातून उडू शकतं, ते पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतं. त्याचा परवाना वर्ध्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातच नाही. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा. परवान्याविना असं हत्यार सापडलं, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं आणि चौदापर्यंत. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीचं 9 मिमी पिस्तूल बनतं खरं, पण ते फौजेसाठी.

मग उरतं काय? मुख्यतः .32. सरकारी कारखान्यातलं ‘अशनी’ याच बोअरचं. गंमत अशी, की .32 एसीपी हे काडतूसही ब्राउनिंगचंच आणि 1911 पेक्षा जुनं, 1899 चं. दुसरा रस्ता जुन्या परदेशी पिस्तुलांचा : कोल्ट 1903, वाल्थर पीपी, वेब्ली अँड स्कॉट. ऐंशीच्या दशकात सामान्य नागरिकांसाठी आयात बंद झाल्यापासून ही पिस्तुलं एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरतात, आणि त्यांची किंमत दुर्मिळतेमुळे चढलेली असते, गुणांमुळे नव्हे. ‘जुनं ते सोनं’ इथं लागू नाही. स्प्रिंगा थकलेल्या, मॅगझिन मिळत नाही, सुटे भाग तर नाहीतच. पहिलं पिस्तूल म्हणून मी तरी कुणाला सुचवणार नाही. घ्यायचंच असेल तर विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. ‘ओळखीतला व्यवहार आहे, नंतर कागद करू’ हे चालत नाही. ‘क्लासिक’च्या यादीत बेरेटा 1934 हेही नाव असतं. गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच बनावटीच्या पिस्तुलातून. सेवाग्रामच्या जिल्ह्यात त्याच्या देखणेपणाचं कौतुक करायला जीभ रेटत नाही.

‘.32 म्हणजे .32, काडतूस एकच’ हेही खोटं. आपल्याकडच्या .32 रिव्हॉल्व्हरला .32 स्मिथ अँड वेसन लाँग लागतं, पिस्तुलाला .32 एसीपी, म्हणजेच 7.65 मिमी. दोन्हींची लांबी वेगळी. एकाचं दुसऱ्यात वापरू नये. पोलिसांच्या बातम्यांत ‘केएफ 7.65’ वाचलं असेल. त्यातलं केएफ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना.

नावातला ‘ऑटोमॅटिक’ शब्दही घोळ घालतो. कोल्टच्या स्लाइडवर तो कोरलेला असला, तरी पुढचं काडतूस आपोआप चढतं एवढाच त्याचा अर्थ. गोळी मात्र चाप ओढाल तेव्हा एकच. चाप दाबून धरल्यावर सलग गोळ्या झाडणारं हत्यार सामान्यांना बंदच.

आता जिवावर बेतणारा गैरसमज : ‘मॅगझिन काढलं, पिस्तूल रिकामं झालं.’ चेंबरमध्ये चढलेलं काडतूस तिथंच असतं. काही पिस्तुलांत मॅगझिन नसताना चाप चालत नाही, पण कित्येक जुन्यांत चालतो. क्रमही चुकवून चालत नाही. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासायचं. उलट केलं, तर स्लाइड सोडताच पुढचं काडतूस आत जातं आणि मॅगझिन काढल्यावरही ते आतच राहतं. कोल्ट 1903 ला ‘हॅमरलेस’ म्हणतात, पण त्याचा हॅमर स्लाइडखाली झाकलेला असतो. बाहेरून दिसत नाही म्हणून तो ताणलेला नाही असं समजू नये. 2016 च्या नियमांनी नव्या अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं केलं आहे. ते केवळ शिक्क्यासाठी उरकू नये.

आमच्याकडचा कास्तकार डुक्कर आणि रोह्यांनी (नीलगायींनी) रडकुंडीला आलेला असतो, त्यातून ‘एक पिस्तूल असतं तर’ हा विचार. पिस्तूल इथं निरुपयोगी. अंधारात, तुरीच्या ओळींतून पळणाऱ्या जनावरावर त्याचा नेम लागत नाही, जखमी जनावर मात्र अंगावर येतं. शस्त्र कायद्याचं कलम 13 ही हेच ओळखतं : पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची, आणि रक्षणासाठी किमान 20 इंच नळीच्या गुळगुळीत बोअरच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. पिस्तुलासाठी मात्र ‘सबळ कारण’ पटवावं लागतं. आणि परवाना कोणताही असो, वनविभागाच्या परवानगीशिवाय जनावर मारणं गुन्हाच.

जामच्या चौकातून हैदराबादकडे निघणाऱ्यांनी परवान्यावरचं क्षेत्र वाचावं. ते महाराष्ट्रापुरतं असेल, तर पांढरकवड्याच्या पुढे तेलंगणाच्या हद्दीत तेच कायदेशीर पिस्तूल बेकायदा ठरतं.

‘आजोबांचं आहे, घरातच राहील’ असंही होत नाही. परवानाधारक गेला की हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा.

ज्याला रक्षणाची नव्हे, नेमबाजीची ओढ आहे, त्यानं .177 बोअरच्या एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी. 20 जूलपर्यंतच्या अशा पिस्तुलाला परवाना लागत नाही. .22 चा टप्पा पुढचा. त्याचाही परवाना लागतो, पण तोवर हात बसलेला असतो आणि अर्जात लिहायला खरं कारणही असतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते 25 मीटर प्रकारात, .22 च्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलावरच.