क्रॉसकंट्रीचा सराव : पहिले चार आठवडे जपून

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि महिनाअखेरीस दवाखान्यात एक ठरावीक पेशंट दिसू लागतो. वय बारा ते सोळा, अंगात शाळेचा ट्रॅकसूट, पायाला क्रेप बँडेज आणि सोबत काळजीत पडलेले क्रीडाशिक्षक. मुलगा काही बोलण्याआधी सरच विचारतात, "डॉक्टर, आठ दिवसांत पळायला लागेल ना? पुढं स्पर्धा आहेत." दिवाळीनंतर पोटाचे पेशंट यावेत तसा हा जूनचा पेशंट. यंदा तो जरा कमी यावा, म्हणून आजचा लेख.

क्रॉसकंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माळरान, बांध, चिखल, चढ-उतार अशा वाटेने धावायची शर्यत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शाळांतून ती वाढली. जागतिक स्पर्धेत २० वर्षांखालील मुलांना ८ आणि मुलींना ६ किलोमीटर धावावे लागते. शालेय स्पर्धांतले अंतर वयोगटाप्रमाणे याहून कमी असते. या खेळाची गंमत तिच्या सांघिक गुणांत आहे. पहिल्या आलेल्याला एक गुण, तिसाव्या आलेल्याला तीस. संघातल्या ठरावीक मुलांचे क्रमांक मिळवायचे आणि ज्यांची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजयी. जागतिक स्पर्धेत सहापैकी चौघांचे क्रमांक धरतात. तेव्हा एक हिरा घेऊन भागत नाही. चौथ्या क्रमांकाचे मूलही स्पर्धेच्या दिवशी धडधाकट लागते आणि जूनमधल्या घाईत नेमके तेच लंगडू लागते.

असे का होते? उन्हाळ्याची दोन महिने सुट्टी झालेली असते. मूल मामाच्या गावी आंबे खाऊन, टीव्ही-मोबाइल पाहून आलेले असते. पहिल्याच सोमवारी सर शिट्टी मारतात आणि चार किलोमीटर पळवतात, वर घड्याळही लावतात. सुरुवातीला मुले धापा टाकतात, पण दोन-तीन आठवड्यांत दम वाढतो. हृदय आणि फुप्फुसे फार लवकर तयार होतात. सरांना वाटते, गाडी रुळावर आली. इथेच फसगत होते, कारण हाडे आणि स्नायूबंध अजून मागेच असतात.

हाडावर नवा ताण पडला की शरीर आधी जुने हाड थोडे पोखरून काढते आणि मग तिथे नवे, मजबूत हाड भरते. पोखरण्याचे काम काही आठवड्यांत उरकते. भरण्याच्या कामाला महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा नाजूक असते. आपल्याकडे डांबरीकरणासाठी रस्ता उखडून ठेवतात आणि त्याच रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात राहतात, तसाच हा प्रकार. सराव सुरू झाल्यावर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात नडगीच्या तक्रारी वाढतात त्या यामुळे.

त्यात हे वाढीचे वय. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास झपाट्याने वाढते. हाडे पुढे धावतात, स्नायू मागून ओढले जातात. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टेंगूळ येऊन दुखते त्याला 'ऑसगुड-श्लाटर' म्हणतात. बोस्टनचे ऑसगुड आणि झुरिचचे श्लाटर या दोघांनी १९०३ साली स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. नाव भारदस्त असले तरी दुखणे घाबरण्यासारखे नाही. पळणे-उड्या कमी केल्या की आटोक्यात राहते आणि वाढ पुरी झाली की बहुधा थांबते. टाचेच्या मागच्या दुखण्याचेही तसेच.

नडगीचे मात्र तसे नाही. इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी आली. नडगी दुखत होती. एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. मी म्हणालो, "काही नाही बाळ, स्नायू दुखतोय. चार दिवस शेक आणि पळ." तीन आठवड्यांनी ती आईच्या खांद्यावर हात टाकून आली. दुसऱ्या एक्स-रेत हाडाला केसाएवढी चीर दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही, हे मी पुस्तकात वाचलेले होते. पण त्या दिवशी फिल्मकडे पाहिले आणि मुलीकडे पाहायचे राहिले. तिला "कुठे दुखते ते एका बोटाने दाखव" एवढे जरी विचारले असते, तरी कळले असते. संपूर्ण नडगीवर हात फिरवून दाखवणारे मूल बहुधा विश्रांतीने सुधारते. एका बोटाने नेमकी जागा दाखवणारे, पळताना वाढत जाणारे आणि रात्रीही ठणकणारे दुखणे असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, पळणे त्याच दिवशी बंद.

तपासणी इथेच संपली नाही. तिच्या आईशी बोलल्यावर कळले, की चार महिने मुलीची पाळी आली नव्हती. दोघींना वाटले, पळण्यामुळे होत असेल, बरेच झाले. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होते. सकाळी चहा पिऊन ती मैदानावर यायची आणि साडेदहापर्यंत पोटात काही नसायचे. जेवण अपुरे, मेहनत भरपूर, पाळी बंद आणि हाडे कमकुवत, ही एकाच साखळीची कडी आहेत. धावणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने चुकली तर ती सोय समजू नये, डॉक्टरांना दाखवावे. शाळेने या विषयासाठी एखाद्या शिक्षिकेला संघासोबत जोडून द्यावे. मुली सरांना हे सांगणार नाहीत, आणि सरही विचारणार नाहीत.

रक्ताचे म्हणाल, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले तर तो रक्तक्षयच. अशी मुलगी मागे पडली की "आळशी आहे" म्हणून तिला आणखी एक फेरी मिळते! संघ निवडण्याआधी प्रत्येकाचे हिमोग्लोबिन तपासावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होते. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. खाण्यात भाकरी, उसळ, शेंगदाणे-गूळ, जमेल त्यांनी अंडे. पहाटेच्या सरावाआधी एक केळे किंवा अर्धी भाकरी पोटात असावी. महागडे डबे आणि पावडरी यांवर पालकांनी पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सरावाचे. पहिले दोन आठवडे अंतर मोजूच नये, मिनिटे मोजावीत. आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटे, थोडे पळणे थोडे चालणे. वेगाची कसोटी सोपी आहे : शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. दम लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त. मुले गप्पा मारत पळाली तर सरांनी रागावू नये, तीच शिस्त समजावी. त्यानंतर दर आठवड्याला थोडी-थोडी वाढ करावी आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावे, म्हणजे हाडांना भरून यायला उसंत मिळते. दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका असा एक नियम सांगतात. तो वेदवाक्य नव्हे, पण शिट्टी हातात असणाऱ्याला लगाम म्हणून बरा. घड्याळ आणि चढ पाचव्या आठवड्यापासून. साताऱ्यात पोरांना पहिल्याच दिवशी यवतेश्वरच्या घाटात चढायची हौस असते. घाट कुठे जात नाही. आणि चढापेक्षा उतार गुडघ्यांना जास्त महागात पडतो, म्हणून उतार चालत यावे.

कुणी म्हणेल, खेड्यातली पोरे असले लाड न करता मोठी झाली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत सुवर्ण मिळवले. पण ही मुले लहानपणी काही किलोमीटर पायी, पळत शाळेत जात होती. त्यांच्या हाडांचा जूनचा सराव वर्षानुवर्षे रोज चालू होता. आजचे मूल वडिलांच्या मोटरसायकलवरून मैदानावर उतरते. त्याच्याकडून पहिल्या दिवशी तीच अपेक्षा कशी करायची?

काही खुणा मात्र वाट पाहण्याच्या नाहीत. पळता पळता मूल शुद्ध हरपून पडले, छातीत दुखले, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर हृदयाची तपासणी होईपर्यंत सराव नाही. शर्यत संपवून एकदम उभे राहिल्यावर येणारी भोवळ बहुतेकदा साधी असते, धावता धावता आलेली साधी समजू नये. पळाल्यावर खोकला किंवा छातीत शिट्टी वाजत असेल तर दमा असू शकतो. त्याला औषध आहे, मुलाला संघातून काढायचे कारण नाही.

आणि उन्हाचा विसर पडू देऊ नका. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कडक उन्हात क्रॉसकंट्री झाली. ३८ जण धावले, १५ जणांनीच शर्यत पुरी केली, आणि त्यानंतर ऑलिंपिकमध्ये हा प्रकार ठेवलाच नाही. ते जगातले निवडक धावपटू होते. पाऊस लांबला आणि हवा कोंदट असली की सराव पहाटेच उरकावा. मूल बरळू लागले, पाय लटपटले, अंग तापले तर आधी सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, मग गाडी शोधावी.

पाऊस लागला की चिखलात काचा आणि खिळे दिसत नाहीत. अनवाणी पळणारी मुले पुष्कळ. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली आहे का, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहून घ्यावे. अनवाणी सराव करणाऱ्याला स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवे बूट घालू नयेत. कौतुकापोटी पालक हमखास हे करतात आणि पोरगे फोड घेऊन परत येते.

ती नववीतली मुलगी पुढच्या जूनमध्ये पुन्हा आली, तेव्हा सरांच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे मिनिटे, हिमोग्लोबिन आणि 'कुठे दुखते' असे तीन रकाने होते. पहिल्या पंधरवड्यात ती संघात सर्वांच्या मागे होती. सरांनी तिला तसेच मागे राहू दिले. सप्टेंबरमध्ये तिने शर्यत पूर्ण केली. क्रमांक आठवत नाही, नडगी दुखली नाही एवढे आठवते.